प्रवासात मुलांच्या हातात मोबाइल: घाटात उलटी का होते? गाडीत स्क्रीन कधी, किती आणि कशी द्यावी?

मे महिन्याची सुट्टी असो, गणपतीला कोकणात जाणं असो की गोव्याची ट्रिप. गाडी गावाबाहेर पडून अर्धा तास होत नाही तोच मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "अजून किती वेळ?" तिसऱ्या-चौथ्यांदा तो ऐकला की पुढच्या सीटवरून मोबाइल मागे जातो आणि गाडीत शांतता पसरते.

ही शांतता नेहमी चांगलीच असते असं नाही. घाटात अचानक गप्प झालेलं मूल कार्टूनमध्ये रमलेलं असू शकतं, तसंच त्याला मळमळतही असू शकतं. मोबाइल हातात असल्यामुळे मोठ्यांना यातला फरक कळत नाही. तो कळतो थेट उलटी झाल्यावर.

म्हणून गाडीत स्क्रीन द्यावी की नाही, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. ती कोणत्या रस्त्यावर, किती वेळ आणि कुठे धरून द्यावी, यावर प्रवास कसा होणार हे ठरतं.

चालत्या गाडीत पडदा आला कसा?

चालत्या गाडीत सिनेमा पाहणं आपल्याकडे नवीन नाही. खासगी ट्रॅव्हल्सच्या बसवर 'व्हिडिओ कोच' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असण्याचा एक काळ होता. ड्रायव्हरच्या केबिनमागे उंचावर टीव्ही असायचा आणि सगळ्या बसला एकच सिनेमा बघावा लागायचा. अमेरिकेत ओल्डस्मोबिल कंपनीने १९९९च्या सिल्हूट या गाडीच्या एका मॉडेलमध्ये मागच्या प्रवाशांसाठी व्हिडिओची सोय कंपनीतूनच बसवून दिली होती.

खरा बदल मोबाइलमुळे झाला. २०१४च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबने भारतात व्हिडिओ ऑफलाइन ठेवण्याची सोय दिली. २०१६मध्ये नेटफ्लिक्सनेही डाउनलोड सुरू केलं. रेंज नसलेल्या घाटातही कार्टून चालू राहू लागलं.

यात एक फरक पडला. बसमधला टीव्ही लांब आणि उंचावर होता, त्यामुळे मान वर असायची. मोबाइल मांडीवर असतो. मूल मान खाली घालून, वीतभर अंतरावरून त्यात बघत असतं. गाडी लागण्याचा संबंध नेमका इथे येतो.

'गाडी लागणं' म्हणजे नेमकं काय?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं कोणत्या दिशेला वळतंय हे त्या सांगतात. त्यांच्याजवळचे आणखी दोन अवयव वेग वाढला, ब्रेक लागला, गाडी वर-खाली झाली, याची खबर देतात.

हीच माहिती डोळेही देत असतात. आणि शरीर कुठे टेकलंय, कुठे दाब पडतोय, हे त्वचा आणि स्नायू सांगतात. या सगळ्यांचं म्हणणं जुळलं की मेंदूला काही अडचण येत नाही.

घाटात मोबाइल पाहणाऱ्या मुलाचे डोळे सांगतात, "समोरचं चित्र जागेवर आहे, आपण स्थिर आहोत." कान सांगतात, "आत्ता डावीकडे वळलो, आता उजवीकडे, आता ब्रेक लागला." दोन्हींचा मेळ बसत नाही. हा गोंधळ चालू राहिला की मळमळ, घाम आणि शेवटी उलटी होते. चालत्या गाडीत पुस्तक वाचल्यावर त्रास होतो, त्याचंही कारण हेच.

गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. तो रस्त्याकडे बघत असतो आणि पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं. मागच्या सीटवर खाली बसलेल्या लहान मुलाला मात्र पुढच्या सीटची पाठ तेवढी दिसते.

कोणत्या मुलांना जास्त त्रास होतो?

२ वर्षांखालच्या बाळांना गाडी क्वचितच लागते. त्यानंतर हे प्रमाण वाढत जातं. साधारण २ ते १२ वर्षं या वयात त्रास सर्वाधिक असतो, आणि पुढे बहुतेकांचा तो कमी होतो. म्हणजे प्रवासात ज्या वयाच्या मुलांना मोबाइल सर्वात जास्त दिला जातो, त्याच वयात गाडीही सर्वात जास्त लागते.

लहान मुलाला 'मला मळमळतंय' असं नेमकं सांगता येत नाही. त्यामुळे पुढची लक्षणं मोठ्यांनीच ओळखावी लागतात:

- बोलकं मूल अचानक गप्प होणं
- चेहरा पांढुरका पडणं, कपाळावर थंड घाम येणं
- सारख्या जांभया येणं
- तोंडाला पाणी सुटणं, वारंवार थुंकी गिळणं
- 'पोटात दुखतंय' किंवा 'डोकं दुखतंय' असं म्हणणं
- आवडता खाऊही नको म्हणणं

यातलं काहीही दिसलं तर पहिली गोष्ट म्हणजे स्क्रीन बंद करायची. 'एवढा एपिसोड संपू दे' म्हणून थांबलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

रस्ता बघून स्क्रीन द्यायची म्हणजे काय?

स्क्रीनचा त्रास सगळ्या रस्त्यांवर सारखा होत नाही. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या, लांबच लांब सरळ पट्टे असलेल्या रस्त्यावर वळणं कमी असतात, त्यामुळे गाडी लागण्याची शक्यताही कमी असते. आंबोली, कुंभार्ली, ताम्हिणी, वरंधा, पसरणी, चोर्ला अशा घाटांत मात्र पाच मिनिटांत मुलाचा रंग उतरू शकतो.

म्हणून निघण्याआधी नकाशावर रस्त्याचे दोन भाग करावेत. सरळ रस्त्याचा भाग स्क्रीनसाठी, घाटाचा भाग खिडकीसाठी.

पुण्याहून कराडमार्गे चिपळूणला जायचं आहे असं समजू. शहरातून बाहेर पडेपर्यंत मुलं ताजीतवानी असतात, तेव्हा स्क्रीनची गरज नसते. खंबाटकी घाट होऊन गेला की साताऱ्याच्या पुढे कराडपर्यंत मोठा महामार्ग आहे, तिथे एखादा एपिसोड चालेल. कराडला थांबावं, पाय मोकळे करावेत. पाटणच्या पुढे कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट येतो. तिथे मोबाइल बॅगेत.

घाट सुरू व्हायच्या किमान १५-२० मिनिटं आधी स्क्रीन बंद करणं चांगलं. मळमळ सुरू झाल्यावर नुसता मोबाइल काढून घेतला तर लगेच बरं वाटत नाही, त्याला वेळ लागतो.

किती वेळ चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार २ वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊ नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १ तासापेक्षा जास्त देऊ नये. तो वेळ जितका कमी, तितकं चांगलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचंही मत साधारण असंच आहे. २ वर्षांखाली फक्त नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलपुरता अपवाद आणि २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास.

आठ-दहा तासांच्या प्रवासात ही मर्यादा पाळणं अवघड वाटतं. एखाद्या दिवशी थोडा वेळ जास्त झाला म्हणून मोठं नुकसान होत नाही. पण सलग तीन तास देण्यापेक्षा २०-३० मिनिटांचे तुकडे केले तर दोन फायदे होतात. डोळ्यांना आणि मानेला आराम मिळतो, आणि मूल खरंच रमलंय की त्याला त्रास होतोय, हे मधल्या वेळात कळतं.

दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवणंही तितकंच गरजेचं आहे. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं पळापळ केलेलं मूल पुढचा तासभर स्क्रीनशिवाय बसू शकतं.

मांडीवर मूल, मुलाच्या हातात मोबाइल

आपल्या रस्त्यांवर हे दृश्य नेहमी दिसतं. पुढच्या सीटवर आई किंवा आजोबा, त्यांच्या मांडीवर मूल आणि मुलाच्या हातात मोबाइल. मूल शांत बसलेलं असल्यामुळे ते सुरक्षित आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ही गाडीतली सर्वात धोक्याची जागा आहे. अपघातात मोठ्यांच्या हातांना मूल धरून ठेवता येत नाही, आणि एअरबॅग ज्या वेगाने उघडते तो वेग लहान मुलासाठी जीवघेणा ठरू शकतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. भाड्याच्या गाडीत मागच्या बेल्टचं बक्कल बऱ्याचदा सीट कव्हरखाली दबलेलं असतं. गाडी ठरवतानाच ते बाहेर काढून ठेवायला सांगावं.

मोठ्यांचा सीटबेल्ट लहान मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. त्यामुळे उंची किमान १३५ सेंटिमीटर होईपर्यंत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सीट वापरावी. बूस्टरवर मूल थोडं उंच बसतं, त्यामुळे त्याला खिडकीबाहेरचं दिसतं आणि गाडी लागण्याची शक्यताही कमी होते.

स्क्रीन कुठे ठेवावी?

चालती गाडी धडकली तर आतली सैल वस्तू मूळ वेगानेच पुढे जात राहते. ताशी ६० किलोमीटर हा वेग म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर आपटते तेव्हाचा वेग. ताशी १०० किलोमीटरला हीच उंची जवळपास ३९ मीटर होते. अर्धा किलोचा टॅब्लेट त्या वेगाने कुणाच्या डोक्याला लागला तर काय होईल, याची कल्पना करता येते.

म्हणून टॅब्लेट वापरायचा असेल तर तो पुढच्या सीटच्या मागे, हेडरेस्टला घट्ट आवळलेल्या पट्ट्यांच्या होल्डरमध्ये लावावा. नुसत्या हुकवर टांगू नये. वर बसवल्यामुळे मान खाली जात नाही आणि कडेने बाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे मांडीवरच्या स्क्रीनपेक्षा मळमळ कमी होते.

आणखी काही गोष्टी:

- खिडकीच्या वर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर तिथे काहीही अडकवू नये.
- चार्जिंगची वायर मुलाच्या गळ्याजवळून जाऊ देऊ नये.
- रात्री स्क्रीनचा उजेड कमी ठेवावा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडलं तर चालवणाऱ्यालाही त्रास होतो.

चालवणाऱ्याचं लक्ष

मागून हाक येते, "बाबा, व्हिडिओ अडकला!" आणि चालवणारा मान वळवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मागे बघितलं तर रस्त्याकडे न बघता ४४ मीटर अंतर कापलं जातं.

त्यामुळे मोबाइल अनलॉक करणं, एपिसोड बदलणं, वायर जोडणं ही कामं चालवणाऱ्याची नाहीत. गाडीत एकच मोठा माणूस असेल तर गाडी थांबवूनच ती करावीत. पडदा चालवणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी असावा. आणि मुलांना निघतानाच सांगून ठेवावं: व्हिडिओ बंद पडला तर पुढच्या थांब्यापर्यंत बंदच राहील.

आवाज किती असावा?

गाडीत इंजिनाचा, वाऱ्याचा, टायरचा आवाज असतोच. त्यावर ऐकू यावं म्हणून मुलं व्हॉल्यूम वाढवत जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार मुलांसाठी सुरक्षित मर्यादा ७५ डेसिबल, तीही आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी आहे. मोठ्यांसाठी ती ८० डेसिबल आहे.

घरात डेसिबल मोजणं शक्य नसतं. सोपी खूण अशी: हेडफोन लावलेल्या मुलाला शेजारून नेहमीच्या आवाजात हाक मारली आणि ऐकू आली नाही, तर व्हॉल्यूम जास्त आहे. मुलांसाठी आवाजाची मर्यादा घातलेले हेडफोन मिळतात. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्येही ही मर्यादा घालता येते.

निघण्याच्या आदल्या रात्री

घाटात आणि बोगद्यात रेंज जाते. इगतपुरीजवळचा समृद्धी महामार्गावरचा एकच बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. व्हिडिओ मध्येच थांबला की रडारड ठरलेली. म्हणून:

- दोन-तीन एपिसोड घरच्या वायफायवर डाउनलोड करावेत आणि विमान मोडवर टाकून ते चालतात का, हे बघावं.
- ऑटोप्ले बंद करावं. नाहीतर 'एकच' एपिसोड कधी संपतच नाही.
- धावपळ आणि सतत हलणारा कॅमेरा असलेले व्हिडिओ व गेम टाळावेत. संथ गोष्टींचे व्हिडिओ त्यामानाने बरे.
- थांब्यावर उतरताना फोन बंद गाडीत उन्हात ठेवू नये. बॅटरी तापते आणि खराब होते.

ॲपलने आयओएस १८मध्ये 'व्हेइकल मोशन क्यूज' नावाची सोय दिली. त्यात स्क्रीनच्या कडेला ठिपके दिसतात आणि ते गाडीच्या हालचालीप्रमाणे सरकतात. कान जे सांगतोय तेच डोळ्यांनाही थोडंफार दिसावं, अशी त्यामागची कल्पना आहे. काहींना त्याचा उपयोग होतो. पण घाटात मोबाइल द्यायला हा परवाना नाही.

स्क्रीनऐवजी काय?

गाडीत सर्वात सोयीचं मनोरंजन ऐकण्याचं. गोष्ट ऐकताना डोळे खिडकीबाहेर राहतात, त्यामुळे मळमळीचा प्रश्न येत नाही. मराठी बालकथांची ऑडिओबुक्स आणि पॉडकास्ट आता सहज मिळतात. आजी सोबत नसेल तर तिच्याकडून दोन गोष्टी आधीच रेकॉर्ड करून घेता येतात. घाटात वाजवायला याहून चांगलं काही नाही.

बाहेर बघत खेळायचे खेळही बरेच आहेत:

- नंबर प्लेट: एमएच १२ पुणे, एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ०८ रत्नागिरी, एमएच ०७ सिंधुदुर्ग, एमएच १५ नाशिक. कोण किती जिल्हे शोधतं? जीए म्हणजे गोवा आणि केए म्हणजे कर्नाटक, यांना जास्त गुण.
- मैलाचे दगड: वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. रंग बदलला की ओरडायचं.
- गावांच्या भेंड्या: पाटीवरच्या गावाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाव.

या खेळांत मूल आपोआप लांब, क्षितिजाकडे बघतं. गाडी लागू नये म्हणून डॉक्टर नेमकं हेच करायला सांगतात.

तरीही गाडी लागली तर?

आधी स्क्रीन बंद. खिडकी थोडी उघडून मोकळी हवा येऊ द्यावी. मुलाला समोर लांबवर बघायला सांगावं किंवा डोळे मिटून डोकं मागे टेकवायला सांगावं. सुरक्षित जागा दिसली की गाडी थांबवावी. घाटातल्या वळणावर मात्र थांबू नये.

उलटी झाल्यावर लगेच ग्लासभर पाणी न देता घोट-घोट द्यावं. निघण्याआधी पोटभर तेलकट खायला देऊ नये, पण उपाशीही ठेवू नये. इडली, पोळी, केळं असं हलकं काही चालतं. चालत्या गाडीत लहान मुलांना शेंगदाणे, कडक गोळ्या देणं टाळावं. स्क्रीनकडे बघत खाताना ते घशात अडकण्याचा धोका असतो.

गोळी किंवा औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावं. गाडी लागू नये म्हणून सर्रास वापरलं जाणारं प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. मूल झोपून जावं म्हणून सर्दीचं सिरप देणं तर अजिबात नको.

बंद करताना होणारी रडारड

स्क्रीन देणं सोपं आहे, परत घेणं अवघड. 'पाच मिनिटांत बंद' हे लहान मुलाला कळत नाही. 'हा एपिसोड संपला की बंद' किंवा 'टोलनाका आला की बंद' हे कळतं. नियम गाडी सुरू व्हायच्या आधी सांगितलेला असावा आणि तो मोठ्यांनीही पाळावा. पुढच्या सीटवर बसलेले काका घाटभर रील्स बघत असतील, तर मागच्या मुलाने नियम का ऐकावा?

थोडक्यात

- आधी सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट, मग स्क्रीन.
- २ वर्षांखाली स्क्रीन नको. मोठ्यांना २०-३० मिनिटांच्या तुकड्यांत, सरळ रस्त्यावर.
- घाटाच्या १५-२० मिनिटं आधी स्क्रीन बंद, मग गोष्टी ऐकणं किंवा खिडकी.
- टॅब्लेट घट्ट बसवलेला, डोळ्यांच्या पातळीला. मांडीवर किंवा सैल नाही.
- मागची सीट फार वेळ शांत असेल तर एकदा वळून बघावं. अर्थात, गाडी न चालवणाऱ्याने.